नेम धरून दिलेले किरण

शरीराच्या ज्या भागाविषयी चारचौघांत बोलण्याची आपल्याकडे रीत नाही, त्या भागाचे दुखणे निम्मे लाजेनेच वाढते. म्हातारा माणूस रात्रीतून चार-पाच वेळा उठतो, बाहेर जाऊन बराच वेळ उभा राहतो, पण धार नीट लागत नाही. सुनेने विचारले तर म्हणतो, "काही नाही ग, वय झालं आता." या 'काही नाही'मागे काय असू शकते, आणि त्यातल्या एका कठीण रोगावर आज कोणता उपाय होतो, ते आज आपण पाहू. मी डॉक्टर नव्हे, कॉलेजात शिकवणारा माणूस आहे. तेव्हा साध्या शब्दांतच सांगतो.

पुरुषाच्या मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशयाच्या पुढे अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. डॉक्टर तिला प्रोस्टेट म्हणतात. मराठीत पुरस्थ ग्रंथी. लघवीची नळी तिच्यामधूनच जाते. उतारवयात ही ग्रंथी बहुतेकांची वाढते आणि नळी दाबते. ही वाढ म्हणजे बहुधा कर्करोग नसतो. ती औषधाने किंवा शस्त्रक्रियेने आटोक्यात येते. पण काहींच्या ग्रंथीत कर्करोग घर करतो. पंचाईत अशी, की सुरुवातीला तो खूणच दाखवीत नाही, आणि दाखवली तरी ती साध्या वाढीसारखीच दिसते. म्हणून घरी अंदाज बांधत बसू नये. डॉक्टरांची तपासणी, पीएसए नावाची रक्ततपासणी आणि गरज पडली तर सुईने काढलेला ग्रंथीचा तुकडा, यांवरून निदान होते. लघवीतून रक्त गेले किंवा कंबरेतले, हाडांतले दुखणे थांबेनासे झाले, तर मुळीच वेळ दवडू नये.

रोग ठरला म्हणजे सारे संपले, असे नव्हे. मंद गतीच्या रोगावर कधी नुसती नजर ठेवतात. कोणाची शस्त्रक्रिया करतात. कोणाला किरणोपचार देतात. आपले लोक या उपचाराला 'शेक' म्हणतात, कोणी 'लाईट' म्हणतात. पण यात चटका नाही की ऊब नाही. रंटगेन या शास्त्रज्ञाने १८९५ साली क्ष-किरण शोधले. त्याच जातीचे, पण कितीतरी अधिक जोरदार किरण येथे वापरतात. ते पेशीच्या गाभ्यावर घाव घालतात. निरोगी पेशी तो घाव पुष्कळ अंशी भरून काढते, कर्करोगाच्या पेशीला तेवढे जमत नाही. म्हणूनच मात्रा एकदम न देता रोज थोडी थोडी देतात.

आता खरी अडचण ऐका. ही ग्रंथी एका जागी स्वस्थ बसत नाही! मूत्राशय पखालीसारखे भरते आणि रिकामे होते. मागे गुदाशयात मळ किंवा वायू असतो, नसतो. या दोहोंच्या मध्ये सापडलेली ग्रंथी काही मिलिमीटर इकडे, काही मिलिमीटर तिकडे सरकते. वाऱ्याने हलणाऱ्या फांदीवरचा आंबा पाडायचा असेल, तर काल धरलेला नेम आज चालेल काय? पूर्वी कातडीवरच्या खुणा आणि हाडांची छायाचित्रे यांच्या आधारे नेम धरीत. ग्रंथी निसटू नये म्हणून भोवतालची बरीच जागा किरणांच्या पट्ट्यात घ्यावी लागे. साहजिकच गुदाशयाला आणि मूत्राशयाला इजा होई.

आता रोज आधी चित्र घेतात आणि मग किरण देतात. रुग्णाला टेबलावर निजवले, की यंत्र त्याच्याभोवती फिरून आतले चित्र टिपते. काही ठिकाणी ग्रंथीत आधीच सोन्याचे बारीक कण बसवतात; तांदळाच्या दाण्याहूनही लहान. ते चित्रात स्पष्ट दिसतात. पहिल्या दिवशीच्या आराखड्याशी आजचे चित्र जुळवतात, फरक असेल तेवढे टेबल सरकवतात आणि मगच किरण सोडतात. नेम पक्का झाल्यामुळे भोवतालची कमी जागा किरणांत येते.

या उपचाराची मोठी परीक्षा आपल्या मुंबईतच झाली आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. तेथे २०११ ते २०१७ या काळात २२४ रुग्ण एका अभ्यासात घेतले. रोग पसरण्याचा धोका मोठा, पण तपासणीत तो लसिका ग्रंथींपर्यंत पोचलेला दिसत नाही, असे हे रुग्ण होते. काहींच्या फक्त पुरस्थ ग्रंथीवर, तर काहींच्या ओटीपोटातील लसिका ग्रंथींवरही किरण दिले. सर्वांना चित्र पाहूनच, २५ बैठकांत. जोडीला संप्रेरके रोखणारे औषध होतेच. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनी पहिल्या गटात शंभरातील सुमारे ८१ जणांचा, तर दुसऱ्या गटात ९५ जणांचा रोग रक्ततपासणीत पुन्हा वर आलेला नव्हता. एकूण आयुर्मानात मात्र तेवढ्या काळात फरक दिसला नाही, आणि दुसऱ्या गटात लघवीचा त्रास काहीसा अधिक झाला. हेही सांगायला हवे. कारण प्रत्येक उपचाराला आपली किंमत असते.

श्रोतेहो, यंत्र कितीही हुशार असो, निम्मे काम रुग्णाचे असते. मूत्राशय रोज सारखेच भरलेले हवे आणि पोट साफ हवे. यासाठी लघवी करून, ठरवून दिलेले पाणी प्यायचे आणि सांगितलेला वेळ थांबायचे असते. आता बदलापूरचा शेतकरी किंवा अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेला कामगार डोळ्यांसमोर आणा. बदलापूर ते दादर ५९ किलोमीटर. २५ दिवस जाऊन-येऊन सुमारे तीन हजार किलोमीटर होतात, आणि लोकलमध्ये शौचालय नाही! तेव्हा हे पाणी घरून पिऊन निघू नये. रुग्णालयात पोचल्यावर तिथल्या माणसांना विचारून प्यावे. गर्दीत लोंबकळत जाण्याचीही गरज नाही. दिव्यांगांसाठी राखीव असलेल्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांना बसता येते. रुग्णालयाचा कागद तेवढा खिशात असू द्यावा. खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी पहिल्याच फेरीत करावी. आणि मधल्या बैठका बुडवू नयेत. "आज बरं वाटतंय, उद्या जाऊ," हे येथे चालत नाही.

एक भीती काढून टाका. बाहेरून किरण घेतलेला माणूस घरी किरण घेऊन येत नाही. त्याने नातवाला खुशाल मांडीवर घ्यावे. थकवा येतो, लघवीला जळजळ होते, जुलाब होतात. बरेचसे पुढे निवते. क्वचित शौचातून रक्त जाते, पुरुषशक्ती उणावते. हे प्रश्न डॉक्टरांना आधीच विचारावेत. पत्नीला बरोबर घेऊन विचारले तर अधिक चांगले.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. गावात तुमच्या शब्दाला मान आहे. पालकसभेत, पारावर, हा विषय एकदा सरळ शब्दांत काढा. पहिल्यांदा लोक खाली पाहतील, कोणी हसेलही. पण सभा संपल्यावर एखादे आजोबा मागे रेंगाळतील आणि हळूच विचारतील, "गुरुजी, ती रक्ततपासणी कुठे होते हो?" त्यांना जवळच्या सरकारी दवाखान्याचा पत्ता द्या, आणि जमल्यास त्यांच्याबरोबर जा.