विरळ रान आणि मुरणारे पाणी



गुरुजींच्या स्मरणार्थ बोलताना त्यांच्याच भूगोलाच्या तासातील एक प्रश्न पुन्हा उकलून पाहावा, असे मनात आले. रान तुटले की नदी आटते, हे आपण सर्वांनी पाठ केले. विज्ञानाचे उत्तर मात्र अधिक गुंतागुंतीचे आहे.

झाड मुळांनी पाणी ओढते आणि पानांवाटे हवेत सोडते. पावसाचा काही भाग तर पानांवरूनच उडून जातो. म्हणून रानाची विरळणी केली की ओढ्याचे वार्षिक पाणी वाढते. बॉश आणि ह्यूलेट यांनी १९८२ साली ९४ पाणलोटांवरील प्रयोगांचा आढावा प्रसिद्ध केला. आच्छादन दहा टक्क्यांनी बदलले, तर वार्षिक प्रवाहात सूचिपर्णी व निलगिरीच्या रानात सुमारे ४० मिलिमीटर आणि पानझडी रानात सुमारे २५ मिलिमीटर फरक पडतो, असे त्यांना आढळले. वीस टक्क्यांहून कमी घट प्रवाहाच्या मोजणीत जाणवतही नाही. पुन्हा फुटवे आले की ही वाढही ओसरत जाते.

तर मग रान विरळ करीत सुटावे काय? वर्षाची बेरीज आणि महिन्यांचा हिशेब येथेच वेगळे होतात. आपल्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. तेथील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्यातले जे पाणी जमिनीत मुरेल, तेच वैशाखात झऱ्याला येणार. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

हे मुरणे मातीवर अवलंबून असते. पालापाचोळा थेंबांचा मार झेलतो. गांडुळे, वाळवी आणि कुजलेली मुळे पाण्याला खाली जाण्याची वाट करून देतात. तोड करताना पाला झाडून नेला, ओंडके उतारावरून फरफटत ओढले, गुरे मोकळी सोडली, की माती दबते. मग पाणी वरच्या वर धावते आणि सुपीक थर सोबत नेते. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात बोनेल, कृष्णस्वामी आणि सहकाऱ्यांनी केलेले अभ्यास २०१० व २०१३ साली प्रसिद्ध झाले. नैसर्गिक रानाच्या मातीत पाणी सहज शिरते आणि ऱ्हास झालेल्या रानातून ते लवकर वाहून जाते, असे त्यांतून दिसते. रान पाणी पिते हे खरे. परंतु ते पिते त्याहून अधिक मुरवते काय, हा खरा तोल आहे.

म्हणून दाट लागवडीत विरळणी अवश्य करावी, पण बेताने. ओंडके कोरड्या हंगामात, ठरलेल्या वाटेनेच न्यावेत. तोडलेल्या फांद्या उताराला आडव्या, जमिनीला टेकतील अशा पसराव्यात. ढीग राहिले तर वणव्याला आयते सरपण मिळते. ओढ्याकाठचा पट्टा मात्र राखावा.

विद्यार्थ्यांनो, आषाढात जवळच्या ओहोळाचे पाणी बाटलीत भरून ठेवा आणि तळाशी किती गाळ बसतो ते पाहा. त्याच ओहोळावर मे महिन्यात पुन्हा जा. एक घागर भरायला किती वेळ लागतो ते मोजा. या दोन नोंदी दरवर्षी शाळेच्या वहीत उतरत गेल्या, तर कुऱ्हाडीने भले केले की बुरे, याचे उत्तर तुम्हांला स्वतःलाच देता येईल. गुरुजींना याहून वेगळे स्मारक आवडले नसते.