हृदयाचे ठोके आणि हातातला मोबाइल
(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त संस्थेच्या ज्येष्ठ सभासदांसमोर केलेले भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा जिने धावत चढत होतो. आता लिफ्ट बंद पडली की ग्रुपवर पहिला मेसेज आपल्यापैकीच कुणाचा तरी असतो. वयाबरोबर नाडीची काळजीही वाढली. ठोके मोजणारं ॲप अनेकांनी घेतलंय आणि तक्रार सगळ्यांची एकच: "आत्ता ६८ दाखवलं, लगेच ११० दाखवतंय. खरं कुठलं?"

आधी हे ॲप करतं काय ते पाहू. मोबाइलचा फ्लॅश बोटाच्या पेरावर उजेड टाकतो. प्रत्येक ठोक्याबरोबर बोटात रक्त किंचित वाढतं, मग ओसरतं. रक्त वाढलं की उजेड जास्त शोषला जातो. हा बारीक फरक कॅमेरा टिपतो आणि ॲप त्यावरून मिनिटाचे ठोके काढतं. पण बोट हललं तरी फरक पडतोच, आणि तोही ठोका म्हणून जमा होतो. खात्यात चुकीची रक्कम जमा झाल्यावर शिल्लक बरोबर कशी येणार?

म्हणून मोजण्यापूर्वी पाच मिनिटं शांत बसा. जिना चढून किंवा चहा पिऊन लगेच मोजू नका. कॅमेऱ्याची काच मऊ फडक्याने पुसा. हात गार असतील तर चोळून ऊब आणा. हात टेबलावर टेकवा, बोट अलगद ठेवा. जोरात दाबलं तर रक्तच मागे सरतं. मागे दोन-तीन कॅमेरे असतील तर बोट कुठल्यावर ठेवायचं ते ॲप चित्रात दाखवतं. बोलू नका.

ॲप मुळीच चालत नसेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन त्याला कॅमेऱ्याची परवानगी आहे का बघा. बॅटरी अगदी कमी असली की बऱ्याच फोनचा फ्लॅश लागत नाही. मात्र ठोके मोजायला तुमचे एसएमएस आणि फोन नंबरांची यादी कशाला हवी? ते मागणारं ॲप सरळ काढून टाका. एसएमएसमध्ये ओटीपी येतो, हे बँकवाल्याने वेगळं सांगायला नको.

आता मुख्य मुद्दा. बँकेत रोकड एकदा मोजून कुणी सही करत नाही. ॲपचा आकडा विचित्र वाटला तर मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, दोन बोटं ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. अंगठ्याने मोजू नका, त्याची स्वतःची नाडी लागते. प्रौढ माणसाची विश्रांतीतली नाडी साधारण ६० ते १०० असते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ती कमीही राहते. हाताने मोजण्याचा आणखी एक फायदा आहे. ॲप शेवटी सरासरी देतं. ठोके चुकत असले, अधेमधे घाई करत असले, तरी सरासरी ७४ येऊ शकते. ते बोटांना कळतं. तसं जाणवलं तर डॉक्टरांना सांगून ईसीजी काढा.

आणि हे कृपया विसरू नका: छातीत दुखतंय, दाब वाटतोय, घाम फुटलाय, दम लागलाय, डावा हात किंवा जबडा भरून आलाय, अशा वेळी मोबाइल हातात घ्यायचा तो १०८ लावायला, ठोके मोजायला नाही. हार्ट अटॅकमध्येसुद्धा नाडी ७२ असू शकते. "आकडा चांगला आहे, सकाळी बघू" हे वाक्य फार महाग पडतं.

आपल्यापैकी कितीतरी जणांची मुलं परदेशात आहेत. रात्री दोन वाजता ती फोन उचलतील, पण दार उघडायला शेजारीच येणार. म्हणून आज घरी गेल्यावर एक काम करा. १०८, आपल्या डॉक्टरांचा आणि शेजाऱ्यांचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून दाराजवळ चिकटवा. घराची एक किल्ली विश्वासाच्या शेजाऱ्याकडे ठेवा. पंचवीस वर्षांत आपण एवढी ठेव तर नक्कीच जमवली आहे.