गर्दीचे गणित
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानावरून)



यंदा व्याख्यानासाठी आम्ही निवडलेला विषय पाहून काही मंडळींनी भुवया उंचावल्या. संगणकावर गर्दीची नक्कल करण्याचे शास्त्र आणि आपली ज्ञातिसंस्था, यांचा संबंध तो काय? संबंध आहे, आणि तो निकटचा आहे. परंतु तो सांगण्यापूर्वी थोडे मागे जाणे अवश्य आहे.

दिनांक २५ जानेवारी २००५. पौषी पौर्णिमा. वाई तालुक्यातील मांढरदेवीच्या काळूबाईच्या यात्रेत त्या दिवशी २९० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, दोन्ही बाजूंस दुकाने आणि पुढे त्या दुकानांस लागलेली आग. त्याआधी, २७ ऑगस्ट २००३ रोजी, नाशिकच्या सिंहस्थात ३९ भाविक गेले. आणि २९ सप्टेंबर २०१७ रोजी, ऐन दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मुंबईच्या तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर पावसाच्या आडोशास थांबलेले लोक व गाडीतून नव्याने उतरलेले लोक एकाच जिन्यावर कोंडले जाऊन २३ जणांचा अंत झाला.

अशा प्रत्येक प्रसंगानंतर आपण काय म्हणतो? ‘लोकांना शिस्त नाही.’ आमच्या मते हा गर्दीवर होणारा अन्याय आहे. अशा घटनेस इंग्रजीत जो शब्द आहे तो मूळचा बिथरलेल्या गुरांच्या बेफाम धावण्याचा. आपला ‘चेंगराचेंगरी’ हा शब्द त्याहून कितीतरी शास्त्रशुद्ध आहे. कारण बहुतेक माणसे तुडविली गेल्याने मरत नाहीत, तर चेंगरल्याने, छातीवर दाब पडून श्वास न घेता आल्याने, कित्येकदा उभ्याउभ्याच मरतात. जॉन फ्रुइन या अमेरिकन अभियंत्याने हे फार पूर्वीच स्पष्ट केले आहे. एका चौरस मीटर जागेत सुमारे ७ माणसे झाली की गर्दी माणसांची राहत नाही, ती पाण्यासारखी वागू लागते. तिच्यात लाटा उठतात. त्या लाटेत सापडलेल्या मनुष्याची शिस्त त्याच्या काय उपयोगाची? मागच्यास पुढे काय झाले ते दिसत नाही, आणि पुढच्यास मागे सरण्यास जागा नसते.

आता ज्या शास्त्राचा आम्ही उल्लेख केला त्याकडे वळू. १९९५ साली डिर्क हेलबिंग व पेटर मोल्नार या दोघा संशोधकांनी एक साधी परंतु फलदायी कल्पना मांडली. चालणाऱ्या प्रत्येक मनुष्यावर जणू काही बले कार्य करतात असे समजावे: एक त्यास त्याच्या इष्ट स्थळाकडे ओढणारे, दुसरे त्यास इतर माणसांपासून दूर ठेवणारे, तिसरे भिंतीपासून. न्यूटनच्या नियमांनी जसे चेंडूचे, तसे या बलांनी माणसाचे पुढचे पाऊल काढता येते. संगणक हेच गणित हजारो काल्पनिक माणसांसाठी क्षणोक्षणी करतो, आणि पडद्यावर ठिपक्यांची एक गर्दी चालू लागते. दार इकडून तिकडे हलवावे, जिना रुंद करावा, कठडा काढावा, आणि पुन्हा पाहावे. माणसे न मारता अपघात घडवून पाहण्याची ही सोय आहे.

या कल्पनेचा व्यवसायही झाला. लंडनमध्ये १९९७ साली ‘लीजन’ नावाची एक छोटी नवी कंपनी निघाली. तिच्या मुळाशी कीथ स्टिल या गणितज्ञाचे काम होते. सिडनीच्या २००० सालच्या ऑलिंपिकच्या आखणीत तिच्या आज्ञावलीचा उपयोग झाला. पुढे २०१८ साली बेंटली या मोठ्या कंपनीने ती विकत घेतली.

या गणितातून काही चमत्कारिक गोष्टी बाहेर आल्या. त्यांपैकी एक अशी की, दाराशी प्रत्येकाने घाई केली तर सर्वांस बाहेर पडण्यास अधिक वेळ लागतो. खांद्याला खांदा अडकून दारात कमान तयार होते व प्रवाह थांबतो. शाळेत सुट्टीची घंटा झाल्यावर जिन्याने एकेक वर्ग सोडणाऱ्या प्रत्येक शिक्षकास हे ठाऊक असते. आम्हांस चाळीस वर्षे ठाऊक होते, सूत्र मात्र ठाऊक नव्हते! दुसरी गोष्ट अशी की, दारापुढे किंचित अंतरावर खांब उभा केला तर प्रवाह सुधारेल, असे गणित सांगू लागले. स्पेनमध्ये मेंढ्यांवर प्रयोग केला, तो जमला. माणसांवर केला तेव्हा तसा लाभ स्पष्ट दिसला नाही. तेव्हा पडद्यावरच्या ठिपक्यांवर किती विश्वास ठेवावा, याचेही भान हवे.

आणि आपल्याकडे तर हे भान अधिकच हवे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतीय व जर्मन माणसांस एकेरी रांगेत चालवून पाहिले, तेव्हा आपली माणसे परस्परांच्या अधिक निकट चालतात असे आढळले. जर्मन ठिपका आपल्या यात्रेत चालवून भागणार नाही. शिवाय आपला भाविक कळस दिसताच थांबून हात जोडतो, आजीसाठी सारे कुटुंब थांबते, सुटलेली चप्पल घेण्यास कोणी वाकते. हे सर्व गणितात घालावे लागेल, आणि ते घालणारा येथलाच हवा. नाशिकच्या २०१५ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने तेथील एका शाळकरी मुलाने पावलांचा दाब मोजून माणसे मोजणारी चटई तयार केली व तिला ‘आशिओतो’ हे पाउलांच्या आवाजाचे जपानी नाव दिले, ही वार्ता वाचून आम्हांस फार समाधान वाटले होते. आपल्या ज्ञातीतील जी मुले संगणकशास्त्र शिकून परदेशी कंपन्यांची जमाखर्चाची कामे करीत आहेत, त्यांपैकी दोघाचौघांनी या विषयात पडावे. २०२७ साली पुन्हा सिंहस्थाची पर्वस्नाने आहेत.

आता तो निकटचा संबंध. आपला वधूवर परिचय मेळावा पहिल्या मजल्यावरील सभागृहात भरतो. समजा, ६०० माणसे आहेत आणि ४ फूट रुंदीचा एकच जिना उघडा आहे. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांसाठी जी मार्गदर्शिका आहे, तिच्यानुसार १ मीटर रुंदीच्या जिन्यावरून मिनिटास ६६ माणसे व सपाट मार्गावरून ८२ माणसे जातात असे धरावे. ४ फूट म्हणजे सुमारे १.२ मीटर, म्हणजे मिनिटास ७९ माणसे. सर्वांस खाली उतरण्यास साडेसात मिनिटांहून अधिक वेळ लागेल, आणि तेही कोणी घाई केली नाही तर. मुदपाकखान्यातील गॅसने पेट घेतल्यास साडेसात मिनिटे कोणापाशी आहेत? मागचा तेवढाच रुंद जिना उघडला की हा वेळ निम्म्यावर येतो. तो जिना पादत्राणांची चोरी होते या सबबीवर कुलुपात असतो, आणि त्याच्या पायथ्याशी खुर्च्यांची चळत असते. चोरीस जाणाऱ्या वहाणांची किंमत संस्थेने भरून द्यावी. आम्ही वर्गणी देण्यास तयार आहोत.

सबब आमची व्यवस्थापक मंडळास विनंती अशी की, येत्या मेळाव्यापूर्वी दोन्ही जिन्यांची रुंदी टेपने मोजावी, आत येणाऱ्यांची संख्या प्रवेशपत्रिकांवरून ठरवावी, पंगत उठण्याची व नवी बसण्याची वाट वेगवेगळी ठेवावी, आणि मागील कुलूप कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी काढून त्याची किल्ली स्वयंसेवक प्रमुखाच्या गळ्यात घालावी. मोजमापाच्या दिवशी आम्ही स्वतः टेप घेऊन हजर राहू.