मोजमाप कोणाच्या हाती?

वाढवण बंदराचा विषय यवतमाळात कशासाठी, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. संकटातून सावरण्यासाठी आलेला सरकारी पैसा कुठे आणि कसा जिरतो, हे या जिल्ह्याइतके जवळून फार थोड्यांनी पाहिले आहे, हे त्याचे उत्तर. जुलै 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी यवतमाळसह विदर्भातील सहा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात सिंचनाला 2,177 कोटी, व्याजमाफीला 712 कोटी आणि जोडधंद्यांना 135 कोटी होते. जोडधंद्यांत दुभत्या गाई निम्म्या अनुदानावर आल्या. कोरडवाहू शिवारात चारा नव्हता, कित्येक गावांत दूध घेणारे कोणी नव्हते. गाय पोसणे परवडेना म्हणून अनेकांनी ती विकली. दप्तरात मात्र गाय वाटप झालेली होती, आणि ती नोंद खोटीही नव्हती. खर्च झाला म्हणजे काम झाले, असे जिथे धरले जाते तिथे अपव्यय आणि अपहार यांची कागदपत्रे सारखीच दिसतात. म्हणून माझे म्हणणे असे की, गैरव्यवहार रोखायचा तर पैसा सुटण्याआधीच मोजमाप ठरले पाहिजे, आणि ज्यांच्या नावाने पैसा आला त्यांना ते तपासता आले पाहिजे.

सिंचनाचे उदाहरण याहून जड आहे. यवतमाळ आणि नांदेडच्या सीमेवरचा निम्न पैनगंगा प्रकल्प 1997 मध्ये मंजूर झाला तेव्हा त्याची किंमत सुमारे 1,402 कोटी होती. 2009 च्या सुधारित मान्यतेत ती 10,429 कोटींवर गेली. दरवाढ, भूसंपादन, पुनर्वसन ही वाढीची खरी कारणे असू शकतात, आणि नुसता आकडा फुगला म्हणून कोणाला चोर ठरवणे अन्यायाचे आहे. पण त्याच वर्षी विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या 38 प्रकल्पांची किंमत मिळून सुमारे 20,000 कोटींनी वाढवण्यास मान्यता मिळाली, तीही काही महिन्यांत. पुढे चौकशीसाठी वडनेरे समिती आली, 2012 ची श्वेतपत्रिका आली, माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील पथक आले. सगळे आले ते मान्यतेच्या सह्या वाळल्यावर.

आता किनाऱ्याकडे वळू. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराला जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. खर्च 76,220 कोटी, आणि समुद्रात भराव घालून सुमारे 1,448 हेक्टर जमीन तयार करायची आहे. जमिनीवरचा कालवा निदान डोळ्यांना दिसतो. समुद्रतळाचा गाळ किती उपसला, हे कोण पाहणार? ही भीती हवेतली नाही. जवाहरलाल नेहरू बंदराच्या (जेएनपीटी) जलमार्गातील गाळउपशात 800 कोटींहून अधिक नुकसान झाल्याच्या आरोपावरून सीबीआयने जून 2025 मध्ये गुन्हा नोंदवला आहे. आरोप अजून सिद्ध झालेले नाहीत, हे मी आवर्जून सांगतो. पण प्रत्यक्षात किती उपसा झाला आणि देयक कितीचे निघाले, हाच त्या तक्रारीचा गाभा आहे.

मोजमाप आधी ठरवण्याचा प्रयोग इतरत्र झालेला आहे. युरोपीय संघाने कोरोनानंतर 2021 मध्ये पुनरुत्थान निधी उभारला आणि ठरलेले टप्पे गाठल्यावरच हप्ता देण्याची पद्धत घातली. याच काळात इटलीने आपल्या बंदरांत धक्क्यावर वीज देण्याच्या योजना आखल्या, म्हणजे उभ्या जहाजाने डिझेल इंजिन बंद ठेवावे. टप्प्यांवर हप्ता देण्याची पद्धत चांगली, पण पुरेशी नाही. युरोपच्याच लेखापरीक्षकांनी 2023 मध्ये दाखवून दिले की, टप्पा गाठला म्हणून निविदांचे नियम पाळले गेलेच, अशी खात्री मिळत नाही. शिवाय टप्पा चुकीचा निवडला तर आपली गायच पुन्हा दारात येते: वीजजोड बसवला हा टप्पा धरला तर जहाजे डिझेल जाळत राहिली तरी हप्ता मिळेल. किती जहाजांनी किती वीज घेतली, हेच मोजले पाहिजे.

यावर आक्षेप येतो की, एवढ्या तपासण्यांनी कामे रखडतील. उशिराची किंमत मोठी असते, हे यवतमाळला कोणी शिकवायला नको. पण मोजमाप आधी ठरवायला लागणारा वेळ महिन्यांचा असतो; ते न ठरवल्याने सुरू होणाऱ्या चौकशा वर्षानुवर्षे चालतात. दुसरा आक्षेप असा की, गाळउपशाची तांत्रिक आकडेवारी सामान्य माणसाला काय कळणार? हा आक्षेप मला मान्य नाही. रोजगार हमीच्या कामांचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेने करावे, असे कायदाच सांगतो. 2017 च्या कर्जमाफीत याद्यांचे चावडीवाचन झाले, कारण कोणाकडे किती जमीन आणि किती कर्ज, हे गावाला संगणकापेक्षा आधी ठाऊक असते. वाढवणच्या परिसरातील मच्छीमारांना तिथल्या पाण्याची खोली पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आणि या बंदराला त्यांचा विरोधही आहे. म्हणजे आकडा बारकाईने तपासण्याचे कारण त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाकडे नाही. उपशापूर्वीची आणि नंतरची खोली स्वतंत्र यंत्रणेने मोजावी, ती मराठीत प्रसिद्ध करावी, मच्छीमारांच्या भरपाईच्या याद्यांसोबत त्यांच्या गावांत वाचावी, आणि हरकतींची मुदत संपेपर्यंत कंत्राटदाराचे देयक अडवून ठेवावे. हे कलम करारातच घालता येते, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही.