मोटारीच्या तळाखालची हवा



यंत्रविज्ञानावरील पुस्तकाचा अनुवाद करणाऱ्याची खरी अडचण शब्दांची असते, असा सर्वसाधारण समज आहे. माझा अनुभव थोडा निराळा आहे. शब्द शोधला की सापडतो. पण ती वस्तू अनुवादकाच्या डोळ्यांपुढे उभी राहिली नसेल, तर सापडलेला शब्दही मुकाच राहतो. मोटारीच्या तळाच्या बाबतीत तसे होण्याचा संभव फार, कारण मोटार आपण समोरून, बाजूने आणि क्वचित गच्चीवरून पाहतो. खालून तिला पाहतो तो गॅरेजमधला कारागीर. आजचे माझे विवेचन मोटारीच्या ह्या न दिसणाऱ्या बाजूविषयी आणि ती झाकून वायुरोध कमी करण्याच्या खटाटोपाविषयी आहे.

गॅरेजमध्ये ह्या वस्तूला ‘अंडर कव्हर’ म्हणतात. ‘अधस्तल-आच्छादन’ असा शब्द घडविता येईल, पण तो कोणा कारागिराच्या तोंडी बसणार नाही. मी ‘तळझाकण’ म्हणेन. एक भेद मात्र आरंभीच ध्यानात ठेवावा. दिल्लीत कश्मीरी गेटच्या सुट्या भागांच्या बाजारात ‘इंजिन गार्ड’ म्हणून लोखंडी पत्रा मिळतो. त्याचे काम दगडधोंड्यांपासून इंजिनाचे रक्षण करणे हे आहे. तळझाकणाचे काम हवेला वाट करून देण्याचे. दोन्ही एकाच ठिकाणी बसतात, म्हणून ती एकच होत नाहीत.

मोटारीचा उघडा तळ म्हणजे काय, हे पाहावयाचे असेल तर जुनी ॲम्बॅसडर आठवावी. तिचे उत्पादन 2014 साली थांबले. वरून ती गोलाईदार व देखणी. खाली मात्र धूरनळी, आडवे दांडे, आस, टाकी आणि त्यांच्यामधले खळगे असा सारा पसारा उघडा. मोटार पुढे जाऊ लागली की तिच्या आणि रस्त्याच्या मधल्या चिंचोळ्या जागेत हवा शिरते. तिथे तिला प्रत्येक दांड्याशी ठेच लागते, प्रत्येक खळग्यात ती भोवरा होऊन फिरते. हे भोवरे फुकट फिरत नाहीत; त्यांना फिरविण्याची शक्ती इंजिनातून, म्हणजे शेवटी पेट्रोलातून, येते. तळ सपाट केला तर हवा सरळ मागे निघून जाते आणि शक्तीची तेवढी उधळपट्टी वाचते. सारे तत्त्व एवढेच.

मग प्रश्न येतो तो किती वाचते हा, आणि इथेच पुष्कळांची फसगत होते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की रोध चौपट होतो. चाकांचा रस्त्यावर लोळताना होणारा रोध मात्र वेगाबरोबर फारसा बदलत नाही. उदाहरणादाखल 1,100 किलोग्रॅम वजनाची, मध्यम आकाराची मोटार घेऊ. तिचा वायुरोध-गुणांक 0.32 आणि समोरून दिसणारे क्षेत्रफळ 2.2 चौरस मीटर मानू. ताशी 30 किलोमीटर वेगाला हवेचा रोध सुमारे 30 न्यूटन भरतो आणि चाकांचा 120 न्यूटनांच्या आसपास. ताशी 60 किलोमीटरला दोन्ही जवळजवळ समान होतात. ताशी 100 किलोमीटरला हवेचा रोध 320 न्यूटनांच्या पुढे जातो. चाकांचा आहे तिथेच राहतो. म्हणजे मंदगती मोटार रस्त्याशी झगडते, वेगवान मोटार हवेशी.

आता आपल्या शेजारचाच रस्ता घ्या. कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटपर्यंत जाणारा हा कस्तुरबा गांधी मार्ग, पूर्वीचा कर्झन रोड, दोन किलोमीटरांचाही नाही. सिग्नल आणि गर्दी ओलांडून मोटारीला इथे ताशी 30 किलोमीटरचा वेग मिळाला तरी चालकाने समाधान मानावे. तळझाकणाने वायुरोध शेकडा 5 कमी झाला असे मानले, तर ह्या संपूर्ण मार्गावर किती पेट्रोल वाचेल? हिशेब करून पाहता सहा-सात थेंब! ज्या कुटुंबाची मोटार घर, कचेरी आणि शाळा एवढ्याच फेऱ्या करते, त्याला तळझाकण विकणारा माणूस त्याच्या खिशाशी प्रामाणिक नाही. अशा मोटारीच्या चाकांत हवेचा दाब योग्य ठेवला, तर त्याहून अधिक बचत होईल आणि खर्चही पडणार नाही.

हीच मोटार ग्रेटर नोएडाहून आग्र्याला निघाली तर चित्र पालटते. 2012 साली सुरू झालेला यमुना द्रुतगती मार्ग 165 किलोमीटरांचा आहे. तिथे ताशी 100 किलोमीटर ह्या अखंड वेगाने गेल्यास तीच शेकडा 5 ची घट सुमारे एक तृतीयांश लिटर पेट्रोल वाचविते. आपल्या महाराष्ट्रात 701 किलोमीटरांचा मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्णपणे खुला झाला. त्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ताशी 100 किलोमीटर वेगाने गेल्यास जवळजवळ दीड लिटर पेट्रोल वाचेल. एका मोटारीच्या दृष्टीने ही बचत डोळ्यांत भरण्याजोगी नाही. पण ज्या मार्गावरून रोज हजारो वाहने जातात, त्या मार्गाचा आणि त्यावरील धुराचा विचार केला म्हणजे ती उपेक्षणीयही वाटत नाही. आपले रस्ते बदलले, म्हणून तळाचा प्रश्न आपल्यापुढे आला. खड्ड्यांतून वाट काढीत जाणाऱ्या मोटारीला वायुगतिशास्त्राची गरज नव्हती.

तळाच्या ह्या शास्त्राची दुसरी शाखा शर्यतीच्या मैदानात वाढली. निमुळत्या जागेतून वाहणाऱ्या द्रवाचा वेग वाढतो आणि दाब घटतो, हे डॅनियल बर्नूलीने 1738 साली ग्रंथरूपाने मांडलेले तत्त्व हवेलाही लागू पडते. त्याचा उपयोग करून लोटस ह्या ब्रिटिश संघाने मोटारीच्या तळालाच उलट्या पंखाचा आकार दिला. खालचा दाब घटला, मोटार रस्त्याला चिकटून वळणे घेऊ लागली, आणि 1978 साली मारिओ आंद्रेत्ती त्या मोटारीत जगज्जेता ठरला. वळणांवरचे वेग पुढे इतके वाढले की 1983 पासून चाकांमधला तळ सपाटच असावा असा नियम करावा लागला. 2022 साली तळाला घडण देण्याची मुभा पुन्हा मिळाली. 2011 ते 2013 ह्या काळात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर ज्या फॉर्म्युला वन मोटारी धावल्या, त्या सपाट तळाच्या नियमातल्या होत्या. परंतु शर्यतीच्या मोटारीला जमिनीकडे ओढ हवी असते आणि घरच्या मोटारीला रोधातून सुटका. एकीचा कित्ता दुसरीने जसाच्या तसा गिरवू नये.

तळझाकण बसवावे कसे, ह्याविषयी चार गोष्टी सांगणे अगत्याचे आहे. पहिली गोष्ट पत्र्यांच्या मांडणीची. कौलारू छपरावर वरच्या कौलाची कड खालच्या कौलावर येते, म्हणून पाणी आत शिरत नाही. तीच रीत इथे पाळावी. पुढच्या तुकड्याची मागची कड मागच्या तुकड्याच्या बाहेरच्या, म्हणजे रस्त्याकडच्या, अंगाने यावी. उलट केले तर हवा फटीत शिरून सारे झाकण उचकटून काढील. पुढच्या बंपरपासून आरंभ करावा आणि शेवटचा तुकडा मागे किंचित वर उचलता ठेवावा, म्हणजे हवा हलकेच बाहेर पडते.

दुसरी गोष्ट उष्णतेची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. धूरनळी आणि तिच्यावरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कित्येक शे अंश सेल्सिअसपर्यंत तापतात. तिथे प्लॅस्टिकचा तक्ता लावणे म्हणजे आगीला आमंत्रण. त्या भागात ॲल्युमिनियमचा पत्राच वापरावा व भरपूर अंतर सोडावे, किंवा तो पट्टा उघडाच राहू द्यावा. रेडिएटरमधून आत आलेल्या हवेला बाहेर पडण्याची वाटही अडवू नये. दिल्लीच्या मे-जून महिन्यांत इंजिनाला तिची गरज पेट्रोलइतकीच असते.

तिसरी गोष्ट आपल्या रस्त्यांची. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाची उंची 10 सेंटीमीटर सुचविली आहे. प्रत्यक्षात त्याहून उंच आणि उभे गतिरोधक गावोगाव भेटतात. म्हणून झाकण मोटारीच्या सर्वांत खालच्या भागाच्या खाली येता कामा नये. पावसाळ्यात आत शिरलेले पाणी व चिखल निचरून जाण्यासाठी छिद्रे हवीत, आणि इंजिनाचे तेल बदलण्यासाठी एक झडप हवी. चौथी गोष्ट बांधणीची. मूळ चौकटीवर आधीपासून असलेल्या बोल्टांच्या जागांचा आधार घ्यावा. तारेने व चिकटपट्टीने बांधलेला पत्रा ताशी 100 किलोमीटर वेगात सुटला, तर तो मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या अंगावर जाईल. थोड्या पेट्रोलासाठी दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार कोणासही नाही. शिवाय 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम वाहनातील फेरफारांवर बंधने घालते. तेव्हा पाना हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी आणि निर्मात्याच्या हमीच्या अटी वाचाव्यात, हे शहाणपणाचे.

एवढ्या अटी ऐकल्यावर, हे काम कारखान्यातच का होऊ नये, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. तो योग्यच आहे. विद्युत मोटारींनी त्याचे उत्तर बऱ्याच अंशी दिले आहे. बॅटरीचा सपाट पेटारा मधल्या तळाशी बसतो आणि धूरनळी नाहीशी होते, त्यामुळे बराचसा तळ आपोआप झाकला जातो. शिवाय ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती अशी मोटार काही प्रमाणात परत मिळविते. हवेला दिलेली शक्ती मात्र कोणतीही मोटार परत मिळवू शकत नाही. म्हणून वायुरोधातील प्रत्येक घट तिथे एकेका किलोमीटरच्या पल्ल्याने मोजली जाते. पुणे परिसरात रांजणगाव आणि चाकण येथे आज अशा मोटारी तयार होत आहेत. त्या कारखान्यांत काम करणाऱ्या मराठी मुलामुलींना हे शास्त्र आपल्या भाषेत वाचावयास मिळावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

आणि ज्याला स्वतःच्या मोटारीवर प्रयोग करावयाचा आहे, त्याला माझे एकच सांगणे आहे. त्याने विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये, माझ्याही विसंबू नये. झाकण बसविण्यापूर्वी आणि बसविल्यानंतर, त्याच द्रुतगती मार्गावर, त्याच वेगाने, तेवढ्याच ओझ्यानिशी, वारा अनुकूल असो वा प्रतिकूल म्हणून जाऊन-येऊन, निदान चार-चार फेऱ्या कराव्यात. प्रत्येक फेरीनंतर टाकी काठोकाठ भरावी आणि आकडे वहीत मांडावेत. एका फेरीवरून निष्कर्ष काढू नये. आठ फेऱ्यांनंतर त्या वहीत जो फरक दिसेल, तोच त्या मोटारीपुरता खरा.