ॲक्सेस पॉइंटचा कारभार कोणाकडे?



कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावांना संगणकाचे जाळे नवे नाही. १९९८ साली वारणानगरला ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला, तेव्हा शहरांतल्या बहुतेक घरांतही इंटरनेट पोचले नव्हते. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे ७० गावे संगणकांनी वारणेच्या सहकारी साखर कारखान्याशी जोडायची आणि उसाच्या नोंदीबरोबर बाजारभाव, शेतीचा सल्ला, सरकारी योजनांची माहितीही शेतकऱ्याला गावातच द्यायची, असा तो बेत होता. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी), राज्य सरकार आणि तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला वारणेचा सहकार, असे तिघे त्यामागे होते.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी या गावांत फिरून पाहणी केली. संगणक चालू होते, पण प्रामुख्याने उसाच्या हिशेबापुरते, आणि त्यांची देखभाल जड जात होती. मग सात गावांत आठ महिने तेच सगळे काम साध्या मोबाइलवरून, एसएमएसने करून पाहिले. ते स्वस्त पडले, सोयीचे ठरले आणि शेतकऱ्यांनाही जास्त आवडले. वारणेचा प्रयोग काळाच्या पुढचा होता, त्याची उमेदही खरी होती. नेटवर्क उभे करायला जेवढा पैसा आणि उत्साह लागतो तेवढाच ते रोज सांभाळायलाही लागतो, हे या जिल्ह्याला तेव्हापासून ठाऊक आहे.

आज पतसंस्थेच्या छताला, शाळेच्या व्हरांड्यात, शिरोलीच्या फौंड्रीत, दवाखान्याच्या काउंटरमागे ॲक्सेस पॉइंट लागलेला असतो. त्याचा ॲडमिन पासवर्ड कोणाकडे आहे, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी उत्तर येते, ‘ज्यांनी बसवला त्यांच्याकडे.’ कॉन्फिगची फाइल कोणाकडे, या प्रश्नाला तेवढेही उत्तर मिळत नाही. या भाषणाचा सगळा रोख त्या दोन प्रश्नांवर आहे. ज्या संस्थेचा ॲक्सेस पॉइंट, तिच्याकडेच त्याचा कारभार हवा. तो तिच्या माणसाला समजायला हवा आणि लिहून ठेवलेला हवा.

निष्काळजीपणाची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याची जबाबदारी घेणारा ईमेल नवी मुंबईत सानपाड्यातल्या एका फ्लॅटमधल्या वायफायवरून गेल्याचे निघाले. त्या घरातल्या माणसाचा स्फोटांशी संबंध नव्हता. त्याचे वायफाय उघडे होते, एवढेच. पुढच्याच महिन्यात माटुंग्यातल्या एका महाविद्यालयाचे वायफाय तसेच वापरले गेले, तर सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांनंतरचा ईमेल चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वायफायवरून गेला. २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलीस उघडी वायफाय शोधत शहरभर फिरले आणि फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याबाबत सेवा पुरवठादारांना सूचना काढल्या. त्याआधी चारच वर्षे, जानेवारी २००५ मध्ये, २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे परवान्याशिवाय वापरायला खुला झाला होता. मोकळीक आली, घरोघरी यंत्रे गेली. ती चालवायचे शिक्षण मात्र मागे राहिले.

ते शिक्षण ब्राउझरपासून सुरू होते. १९२.१६८.१.१ किंवा तसाच एखादा पत्ता टाकला की ॲडमिन पॅनल उघडते. नव्या माणसासाठी याहून चांगली पाटी नाही, कारण इथे नेटवर्क डोळ्यांना दिसते. कोणते फोन जोडलेले आहेत, प्रत्येकाची रेंज किती, कोण कोणत्या वेगाने बोलतो आहे, हे सगळे एका तक्त्यात असते. उणे ६५ डीबीएमच्या आसपासचा फोन सुरळीत चालतो. उणे ८० च्या खाली गेलेला स्वतः तर रखडतोच, पण त्याचा संथ संवाद इतरांच्या वाट्याची हवेतली वेळही खातो. ‘नेट स्लो आहे’ ही तक्रार आली की आधी इंटरनेट कंपनीला फोन लावण्याची सवय आहे. हा तक्ता वाचता आला तर दोष पुष्कळदा छतालाच सापडतो.

कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीसारख्या दाट बाजारपेठेत दुकानाला दुकान लागून असते. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच धरायचे: १, ६ आणि ११. शेजारी कोण कुठे आहे ते न बघता चॅनेलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ केली, की स्वतःचेही बिघडते आणि शेजाऱ्याचेही. शिरोली, गोकुळ शिरगावच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुखणे वेगळे. तिथे लोखंडावर आपटून लहरी परत येतात. मग कोणी तरी ट्रान्समिट पॉवर शेवटपर्यंत वाढवतो. फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या दिसतात आणि तरी फोटो जात नाही. ॲक्सेस पॉइंटचा आवाज फोनपर्यंत पोचतो, फोनचा क्षीण आवाज परत पोचत नाही. तिथे पॉवर उतरवून दुसरा ॲक्सेस पॉइंट योग्य जागी लावणे हाच इलाज आहे.

पॅनेलमधला देशाचा रकानाही असाच दुर्लक्षित. ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा भारतात ऑक्टोबर २०१८ मध्ये मोकळा झाला. कोणते चॅनेल दिसणार आणि किती पॉवर मिळणार, हे त्या रकान्यावर ठरते. जास्त पॉवरच्या लोभाने तिथे दुसऱ्या देशाचे नाव टाकणे हा नियमभंग आहे.

ब्राउझरची मर्यादा एकापेक्षा जास्त यंत्रे आली की जाणवते. वसतिगृहात ४० ॲक्सेस पॉइंट असतील आणि कंट्रोलर नसेल, तर तोच पासवर्ड ४० वेळा क्लिक करून बदलायचा, आणि एकोणचाळिसाव्यावर चूक झाली तर ती कुणाला दिसत नाही. कमांड लाइनवर हाच बदल एका छोट्या स्क्रिप्टने होतो. त्याहून मोठा फायदा नोंदीचा. मजकुरात असलेले कॉन्फिग कालच्या प्रतीशी ताडून पाहता येते. नेमकी कोणती ओळ बदलली ते कळते. पॅनेलवर कोणी कुठे टिचकी मारली, याची अशी ताडून बघता येणारी प्रत सहसा मागे राहत नाही.

हे शिकायला महागडे यंत्र लागत नाही. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी-५४जी या घरगुती राउटरमध्ये लिनक्स असल्याचे जाणकारांनी हेरले, २००३ मध्ये त्याचा सोर्स कोड बाहेर आला आणि २००४ पासून त्यावर ओपनडब्ल्यूआरटी उभे राहिले. आजही ते चालणारा एखादा जुना राउटर विद्यार्थ्याच्या हाती दिला, तर लुसी नावाचे वेब पॅनल आणि एसएसएच हे दोन्ही मार्ग त्याला एकाच यंत्रावर मिळतात. पॅनेलवर चॅनेल बदलायचा आणि वायरलेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये कोणती ओळ हलली ते पाहायचे. एवढा सराव झाला की कमांड लाइनची भीती जाते.

कमांड लाइनवर एक धोका आहे, तो आपल्या पावसाळ्यात हमखास उघडा पडतो. सिस्कोच्या आयओएसवर केलेला बदल चालत्या कॉन्फिगमध्ये बसतो. तो जपून ठेवायची कमांड दिली नाही, तर लाईट जाऊन आल्यावर यंत्र जुन्या सेटिंगवर उठते. ओपनडब्ल्यूआरटीतही युसीआयने केलेला बदल कमिट होईपर्यंत तात्पुरत्या स्मृतीतच असतो. हाच स्वभाव जाणत्या माणसाच्या कामी येतो. दूरवरच्या यंत्रावर जोखमीचा बदल करण्याआधी दहा मिनिटांनी रीलोड होण्याची कमांड देऊन ठेवायची. बदल फसला आणि संपर्क तुटला, तर यंत्र आपोआप आधीच्या स्थितीत येते. सगळे ठीक चालले, तर रीलोड रद्द करून बदल जपायचा. लुसीतही ही सोय आहे: ठरावीक सेकंदांत पॅनेलशी पुन्हा संपर्क झाला नाही, तर बदल मागे घेतला जातो.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी चढले आणि कित्येक दिवस वाहतूक बंद राहिली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच घडले. अशा दिवसांत पुण्याहून तंत्रज्ञ येणे शक्य नसते, आणि निवारा झालेल्या शाळेचे नेटवर्क तर त्याच दिवसांत सर्वांत गरजेचे असते. पासवर्ड, कॉन्फिगची प्रत आणि ती परत चढवणारा माणूस, ही तिन्ही गावातच असायला हवीत, याला याहून मोठे कारण शोधायची गरज नाही.

कारभार हाती घेतला की त्याची सुरक्षाही सांभाळायला हवी. ॲडमिन पॅनल पाहुण्यांच्या वायफायवरून उघडता कामा नये, त्यासाठी वेगळे व्हीलॅन हवे. टेलनेट बंद, एसएसएच चालू. साधे एचटीटीपी बंद, एचटीटीपीएस चालू. कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायचा. २०१६ मध्ये मिराय नावाच्या घातक प्रोग्रॅमने असे न बदललेले, सर्वांना ठाऊक असलेले पासवर्ड एकामागून एक लावून पाहत जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते.

यंत्रातल्या घड्याळाबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवे, कारण ते कुणीच बघत नाही. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी लॉग १८० दिवस ठेवायचे, सायबर घटना सहा तासांत कळवायची आणि यंत्रांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची. अनेक स्वस्त ॲक्सेस पॉइंटमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. लाईट गेली की त्यांची तारीख भलतीकडे जाते. एनटीपी लावले नसेल, तर सानपाड्यासारखा प्रसंग ओढवल्यावर लॉग असूनही त्या वेळी कोण जोडलेले होते, हे संस्थेला सांगता येणार नाही. शिवाय यंत्राच्या छोट्या स्मृतीत १८० दिवसांचे लॉग मावत नाहीत. ते वेगळ्या सिसलॉग सर्व्हरवर पाठवावे लागतात. त्यासाठी एखादा जुना संगणकही पुरतो.

नेटवर्कच्या कामातल्या मंडळींच्या या अधिवेशनाकडून एक ठोस काम व्हावे. ॲक्सेस पॉइंट बसवून देताना संस्थेच्या हाती सोपवायचा एक मराठी नोंदपट तयार करावा: यंत्राचा पत्ता आणि जागा, फर्मवेअरची आवृत्ती, चॅनेल व पॉवर, कॉन्फिगच्या प्रतीची तारीख, पासवर्डचे पाकीट कोणत्या कपाटात आहे आणि ते उघडायचा अधिकार कोणत्या दोघांना आहे. नोंदपट शाळेच्या लिपिकाला वाचून समजेल इतका सोपा असावा. तो दिल्याशिवाय आणि घेणाऱ्यासमोर यंत्र रिसेट करून, जपलेल्या प्रतीवरून पुन्हा सुरू करून दाखवल्याशिवाय बिल मागायचे नाही, असे इथल्या व्यावसायिकांनी आपसांत ठरवावे. नोंदपटाच्या मसुद्यावर दुपारच्या सत्रात चर्चा व्हावी आणि दिवाळीच्या सुट्टीत शाळा मोकळ्या असतात, तेव्हा पहिले नोंदपट भरायला घ्यावेत.