वायरमनला वगळून



अध्यक्षपद दिल्याबद्दल आभार. या खुर्चीत पूर्वी बसलेली माणसे मोठी होती, मी लहान आहे, हे सगळे मनापासून म्हणतो आणि पुढे जातो. कार्यवाहांनी वेळ मोजून दिला आहे. अभियंत्यांचे हे अधिवेशन सोलापुरात भरले हे मात्र फार उचित झाले. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर–सोलापूर ही 765 केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाशी जोडली जाऊन सगळा देश एका वारंवारितेवर आला. सोलापूरकरांनी पाहुण्यांना चादर आणि शेंगाचटणी देताना एवढे एक वाक्य सोबत द्यायला हरकत नाही.

विषय दिला आहे ‘स्मार्ट ग्रिड आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य’. रीतीप्रमाणे आढावा घेतो. 2010 मध्ये वॉशिंग्टनला स्वच्छ ऊर्जेवर मंत्र्यांची बैठक झाली, तीत ‘इसगान’ या स्मार्ट ग्रिडच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याची घोषणा झाली. 2015 मध्ये पॅरिसला ‘मिशन इनोव्हेशन’ आले आणि त्यातल्या स्मार्ट ग्रिडच्या कामाचे नेतृत्व भारत, चीन आणि इटली यांनी मिळून घेतले. त्याच वर्षी आपले राष्ट्रीय स्मार्ट ग्रिड मिशन. 2021 मध्ये ग्लासगोला ‘एक सूर्य, एक जग, एक ग्रिड’. मधल्या काळात पुदुच्चेरी, म्हैसूर इथे प्रायोगिक प्रकल्प झाले, पानिपतला जपानच्या मदतीने झाला. शेजाऱ्यांपैकी भूतानची जलविद्युत आपण किती वर्षे घेतो आहोत, बांगलादेशाला 2013 पासून बहरामपूर–भेरामारा मार्गे वीज देतो आहोत. आढावा संपला. या सगळ्याचे अहवाल उपलब्ध आहेत. तुमच्यापैकी निम्म्यांनी ते लिहिले आहेत आणि उरलेल्यांनी ते वाचलेले नाहीत.

आता मला जे बोलायचे आहे ते बोलतो. या यादीतल्या एकाही बैठकीत, एकाही शिष्टमंडळात खांबावर चढणारा माणूस मी पाहिला नाही. मंत्री जातात, सचिव जातात, सल्लागार जातात, मीटर विकणारे तर आधीच पोहोचलेले असतात. सरकारदप्तरी ज्याला ‘जनमित्र’ म्हणतात आणि अख्खा महाराष्ट्र ज्याला वायरमन म्हणतो, तो कुठेच नाही. तो नसल्यामुळे हे सहकार्य अर्धे फुकट गेले, असे माझे मत आहे. सौम्य शब्द सुचला असता तर वापरला असता.

मत कशावरून बनले ते सांगतो. एका तालुक्यात वितरणाचे काम माझ्याकडे असताना प्रत्येक डीपीवर, म्हणजे वस्तीच्या ट्रान्स्फॉर्मरवर, मीटर बसले. डीपीतून किती वीज गेली आणि तिच्यावरच्या घरांच्या मीटरांत किती भरली, यांची वजाबाकी केली की गळती कळते. परदेशी अर्थसाहाय्य होते, सर्वेक्षणाला बाहेरची एजन्सी होती. पहिला अहवाल आला तो असा: एका डीपीवर गळती चाळीस टक्क्यांच्या वर आणि शेजारच्या डीपीवर उणे. म्हणजे तिथे जेवढी वीज गेली त्याहून जास्त घरांत पोहोचली! उण्याकडे कोणी पाहिले नाही. चाळीस टक्के पाहून वरून आदेश सुटला आणि भरारी पथक पहाटे गावात शिरले. वीजचोरीचा एक आकडा सापडला नाही. गावकरी चिडले ते वेगळेच. शेवटी आमचे तात्या, त्या सेक्शनचे वायरमन, शांतपणे म्हणाले, “साहेब, ती शेजारची डीपी उन्हाळ्यात सारखी डीओ फ्यूज उडवत होती. म्हणून मी तिची अर्धी आळी या डीपीवर टाकली. डायरीत लिहून ठेवलंय.”

डायरीत खरोखर लिहिलेले होते. तारीख, खांब, कोणाचे घर कोणत्या फेजवर, सगळे. दोन्ही डीपींचे मीटर चोख होते, संगणक चोख होता, फक्त कोणते घर कोणत्या डीपीवर आहे हा नकाशा चुकीचा होता. तो दुरुस्त करू शकणाऱ्या एकमेव माणसाला त्या संगणकात शिरायची परवानगी नव्हती. त्या प्रकल्पाचे परदेशी तज्ज्ञ भले गृहस्थ होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला: “नकाशा बदलला की नोंद कोण करतो?” बैठकीत शांतता झाली. इतिवृत्तात हा प्रश्न आला नाही, हे मी नंतर पाहिले.

ही फक्त आपली रड आहे असे परदेशी पाहुण्यांना वाटू नये, म्हणून त्यांच्या अंगणातली गोष्ट सांगतो. 4 नोव्हेंबर 2006. जर्मनीत एम्स नदीतून नवे कोरे प्रवासी जहाज समुद्राकडे न्यायचे होते. ते खालून जावे म्हणून नदीवरची 380 केव्हीची दुहेरी वाहिनी बंद केली. ठरलेली वेळ आयत्या वेळी अलीकडे ओढली आणि शेजारच्या कंपन्यांना ते उशिरा कळवले. भार ज्या दुसऱ्या वाहिनीवर सरकला तिच्या दोन टोकांना दोन कंपन्या, आणि दोन्ही टोकांच्या संरक्षण रिलेची मर्यादा वेगवेगळी. हे एका टोकाला ठाऊकच नव्हते. युरोपची ग्रिड तीन तुकड्यांत फुटली, सुमारे दीड कोटी घरांत अंधार झाला. जहाज मात्र सुखरूप पोहोचले. त्या काळातही युरोपकडे संगणक कमी नव्हते. रिलेवर आकडा लावणाऱ्याला आकडा माहीत होता. त्याला विचारायची पद्धत नव्हती.

काल दुपारच्या सत्रात दोन वाद फार रंगले. मीटरचा डेटा आरएफ म्हणजे रेडिओ जाळ्याने आणावा की मोबाइलच्या सिमने, हा पहिला. आलेख दाखवले गेले, आवाज चढले. मी घाटाखालच्या एका गावात दोन्ही बसवलेले पाहिले आहे आणि दोन्ही बंद पडलेलेही पाहिले आहे. नियमाप्रमाणे मोडेम डीपीच्या खांबावर होता आणि डीपी ओढ्यालगत, खोलगटात. वायरमन म्हणाला, “रेंजच पाहिजे ना? सबस्टेशनला फोन लावायला मी शाळेच्या स्लॅबवर चढतो. तिथं बसवा.” तिथे बसवला, चालला. माझ्यापुरता हा वाद त्या स्लॅबवर मिटला.

दुसरा वाद प्रीपेडचा. केंद्राच्या 2021 च्या योजनेत 25 कोटी प्रीपेड स्मार्ट मीटरचे लक्ष्य ठरले. महाराष्ट्रात मोर्चे निघाले आणि सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असे 2024 मध्ये सरकारला जाहीर करावे लागले. काल एका वक्त्याने याला लोकांचे अज्ञान म्हटले. हॉलंडच्या वरिष्ठ सभागृहाने 2009 मध्ये स्मार्ट मीटरची सक्ती नाकारली, तेव्हा तेही अडाणी होते का? इलेक्ट्रॉनिक मीटर आले तेव्हा ‘मीटर पळतोय’ ही ओरड मी गावोगाव ऐकली. एका गावी आमच्या वायरमनने सगळ्यात मोठ्या आवाजात ओरडणाऱ्याच्याच घरी महिनाभर शेजारी चेक मीटर लावला आणि महिन्याच्या शेवटी पारावर दोन्ही आकडे वाचून दाखवले. पुन्हा तक्रार आली नाही. लोकांना ओळखीचा माणूस हवा असतो. ॲपवर तक्रार क्रमांक मिळतो, माणूस मिळत नाही.

आता एक जुने दुःख. 2005 च्या सुमारास भारनियमनाने खेडी हैराण झाली होती. तेव्हा आपल्याकडे ‘अक्षय प्रकाश’ योजना निघाली. संध्याकाळच्या वेळी गावाने स्वतःहून कृषिपंप, पिठाची चक्की, शेगड्या बंद ठेवायच्या आणि त्या बदल्यात गावात दिवे अखंड राहायचे. ग्रामसभेत ठराव व्हायचा. भार किती आहे यावर सबस्टेशनचा ऑपरेटर डोळा ठेवायचा आणि काटा वर सरकू लागला की वायरमन सायकल काढायचा. कोणाच्या विहिरीवरची मोटर चालू असणार, हे त्याला न सांगता कळायचे. ग्राहकांनी आपणहून मागणी कमी करून ग्रिड सावरणे, हे आज परदेशी परिषदांत नवी कल्पना म्हणून मांडले जाते. आपण ते एका ॲमीटरवर आणि गावच्या शब्दावर करून दाखवले होते. पॅरिसला आपण देणाऱ्यांच्या रांगेत बसायला हवे होते. पण त्या योजनेचा अनुभव कोणी नीट लिहून काढला नाही, आणि ज्यांनी ती चालवली ते एकेक करून निवृत्त झाले. त्यांच्या जागी आज कितीतरी ठिकाणी कंत्राटी मुले आहेत. मुले हुशार आहेत. पण कंत्राट बदलले की मुलगा बदलतो आणि डायरी त्याच्याबरोबर जाते.

खांबावरचे सहकार्य जगात नाही असे नाही. 1998 च्या जानेवारीत बर्फाच्या वादळाने क्वेबेकचे मनोरे जमिनीवर लोळवले, तेव्हा सीमा ओलांडून अमेरिकेतल्या लाइनमनांच्या तुकड्या तिथे गेल्या. 24 फेब्रुवारी 2022 रोजी युक्रेनने चाचणीसाठी आपली ग्रिड रशिया-बेलारूसपासून तोडली आणि काही तासांत युद्ध सुरू झाले. 16 मार्चला ती युरोपच्या ग्रिडला जोडली गेली. पुढे शेजारी देशांतून ट्रान्स्फॉर्मर आणि सुटे भाग गेले आणि ते बसवणारे हात खांबावरच्याच माणसांचे होते. आपल्याकडे 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीत इतर जिल्ह्यांतून आलेल्या वायरमनांनी, कोरोनाच्या दिवसांत, शाळांत मुक्काम करून पडलेले खांब उभे केले. यातल्या किती जणांचा अनुभव ‘इसगान’च्या कार्यगटापर्यंत पोहोचला, हे इथे बसलेल्या संबंधितांनी मनातल्या मनात सांगावे.

हे बोललो की मला हमखास विचारतात, “मग स्मार्ट मीटरच नकोत का?” हवेत. मी आयुष्यभर मीटरवरच जेवलो आहे. पण नकाशा ज्याच्या डोक्यात आहे त्याला बाहेर ठेवून लावलेला मीटर म्हणजे पाहुण्याच्या हाती दिलेले घड्याळ. वेळ कळते, गाडी कुठून सुटते ते कळत नाही.

करायचे काय? वायरमनांच्या डायऱ्या गोळा करून त्यांचे जतन करावे, असे माझ्या मनात आहे; निधीचे पाहू. नकाशातली नोंद बदलण्याचा अधिकार सेक्शनच्या पातळीवर द्यावा, यासाठी एखादी समिती नेमता येईल. कार्यकक्षा नव्या कार्यकारिणीने ठरवावी. नेपाळ, भूतान आणि बांगलादेशाच्या लाइनमनांशी आपल्या लाइनमनांची अदलाबदल व्हावी. कशी व्हावी हे मला अजून नीट सुचलेले नाही.

एक गोष्ट मात्र आजच ठरवता येते, आणि ती मी मागून घेणार आहे. पुढच्या वर्षीच्या अधिवेशनाला प्रत्येक जिल्ह्यातून एक वायरमन प्रतिनिधी म्हणून आला पाहिजे. प्रेक्षक म्हणून नको, सत्कारमूर्ती म्हणून तर मुळीच नको. त्याला निबंध वाचायला वेळ द्या, त्याने आणलेली डायरी पडद्यावर दाखवा आणि पाहुण्यांसाठी दुभाषा ठेवा. प्रतिनिधी शुल्क त्याच्याकडून घेऊ नका. आणि कार्यकारी अभियंत्यांना माझी हात जोडून विनंती आहे, त्या दिवसांची त्याची ड्युटी दुसऱ्याला लावून द्या. नाहीतर अधिवेशनाच्या सकाळी कुठेतरी लाइट जाईल आणि तो येणार नाही.